माया लोकांच्या गुहा आणि भिंतींवरची चित्रं : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले माया लोक म्हटलं की मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाचा पिरॅमिड आणि ग्वाटेमालातल्या तिकालच्या जंगलातून वर डोकावणारी मंदिरं आठवतात. त्याच लोकांनी जमिनीखाली, चुनखडीच्या गुहांमध्ये, शतकानुशतकं पूजा केली. घडे ठेवले, धूप जाळला, भिंतींवर हात उमटवले, माणसं चितारली, मजकूर लिहिला. हे बघायला जायचं ठरवलं की माहिती गोळा करताना डोकं गरगरतं. फोटो एका गुहेचे, सहल दुसऱ्याच गुहेची, आणि तिसरीच्या फाटकाला कुलूप. बेलीझ आणि ग्वाटेमाला असा प्रवास करून आल्यावर अनेकांनी मला तेच ते प्रश्न विचारले, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या, पुढचं सगळं नियोजन तिच्यावर अवलंबून आहे. ज्या गुहांमधली चित्रं सर्वात देखणी आहेत, त्या बहुतेक बंद आहेत. ज्या गुहांमध्ये सहज जाता येतं, तिथे घडे, अस्थी, कोरलेले दगड बघायला मिळतात, चित्रं क्वचितच. दोन्ही एकत्र मिळतील अशा जागा मोजक्याच.

१. तुम्हाला नेमकं काय बघायचं आहे ते ठरवा

आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे "गुहेतली चित्रं" म्हणजे अजिंठा असतो. तो इथे बाजूला ठेवा. अजिंठ्याची लेणी माणसाने कातळात खोदली, भिंतीला गिलावा दिला आणि त्यावर रंगवलं. माया गुहा निसर्गाने, पाण्याने झिजून झालेल्या. चित्रं थेट उघड्या चुनखडीवर, बहुतेक एकरंगी, काळ्या किंवा लाल रेषांत. भिंत खडबडीत, उजेड नाही, चित्र अनेकदा वीतभर. हे मनाशी धरून गेलात तर समोर दिसेल ते फार मोठं वाटेल.

माया गुहाचित्रांचं सर्वोच्च ठिकाण म्हणजे ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतातली नाख तुनिच. पोप्तुन गावाच्या पूर्वेला, बेलीझच्या सीमेजवळ. तिथली चित्रं आणि चित्रलिपीतला मजकूर सातव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकापर्यंतचा. चेंडूचा खेळ खेळणारा माणूस, बसलेल्या आकृत्या, राजघराण्यांतल्या लोकांच्या भेटींच्या नोंदी. लिपीचे फटकारे इतके सराईत आहेत की लिहिणारे दरबारी लेखनिक असावेत हे अभ्यासकांचं मत लगेच पटतं. १९८०च्या सुमारास ही गुहा जगाला माहीत झाली आणि १९८९ मध्ये कुणीतरी आत शिरून अनेक चित्रं खरवडून, पुसून टाकली. तेराशे वर्षं टिकलेली रेष एकदा गेली की कायमची गेली. मूळ गुहा आता सामान्य प्रवाशांसाठी बंद आहे. जवळच्या दुसऱ्या गुहेत तिच्या चित्रांच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या आहेत. कुणी "मूळ नाख तुनिचमध्ये नेतो, पैसे तेवढे द्या" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. प्रतिकृती बघायला मात्र अवश्य जा. मूळ आकार आणि रेषा शांतपणे न्याहाळायची ती चांगली जागा आहे.

मेक्सिकोत युकातानमधली लोल्तुन गुहा ओश्कुत्स्काब गावाजवळ आहे. भिंतींवर हातांचे ठसे, प्रवेशापाशी कातळात कोरलेला योद्धा, आणि उत्खननात मिळालेली मॅमथसारख्या नामशेष प्राण्यांची हाडं यांमुळे ती प्रसिद्ध आहे. चिचेन इत्झाजवळच्या बालांकांचे गुहेत भिंत घालून बंद केलेल्या वाटेमागे १९५९ मध्ये पर्जन्यदेवाच्या चेहऱ्याची धूपपात्रं सापडली, ठेवली होती तशीच. या दोन्ही गुहा मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेच्या, म्हणजे 'इनाह'च्या ताब्यात आहेत आणि २०२० पासून दीर्घकाळ बंद राहिल्या आहेत. जुन्या प्रवासवर्णनांत वेळा आणि तिकिटाचे दर दिसतात, त्यांवर विसंबून विमान बुक करू नका. इनाहच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याची स्थिती बघा.

जी गुहा खुली आहे, जिच्यात खरी चित्रं आहेत आणि जिथे जाण्याचे पैसे थेट गावाला मिळतात, अशी माझी शिफारस ग्वाटेमालातल्या बोंबिल पेकची. आणि चित्रं नसली तरी गुहेतली पूजा म्हणजे काय हे अंगावर येऊन कळतं ते बेलीझमधल्या आक्तुन तुनिचिल मुक्नालमध्ये. पहिल्यांदा जाणाऱ्याने या दोन एकत्र कराव्यात. खाली तोच मार्ग धरला आहे.

२. मार्ग आणि महिने

बेलीझ सिटीच्या विमानतळावर उतरा. तिथून रस्त्याने पश्चिमेला सान इग्नासिओ, साधारण दोन तास. तिथे मुक्काम करून आक्तुन तुनिचिल मुक्नाल. मग सीमा ओलांडून ग्वाटेमालातलं फ्लोरेस. तिकाल बघायचं असेल तर इथून. फ्लोरेसहून दक्षिणेला सायाश्चेमार्गे चिसेक, तिथे बोंबिल पेक. परतीला कोबानमार्गे ग्वाटेमाला सिटीचं विमान पकडता येतं, म्हणजे त्याच रस्त्याने माघारी यावं लागत नाही.

फेब्रुवारी ते मे हे महिने उत्तम. जूनपासून पाऊस लागतो आणि तो नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. गुहेत नदी असेल तर पाऊस म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. डोंगरावर पडलेलं पाणी आत लोंढ्यासारखं येतं. नदी चढली की आक्तुन तुनिचिल मुक्नाल त्या दिवसापुरती बंद करतात, म्हणून सान इग्नासिओत एक दिवस जादा ठेवा. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी गुहा कधीही ठेवू नका.

३. कागदपत्रं आणि पैसे

हे बरोबर असू द्या:

- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, आणि त्याच्या रंगीत प्रती वेगळ्या पिशवीत
- व्हिसा किंवा व्हिसामाफीचा पुरावा
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं आरक्षण, छापील
- प्रवास विमा, ज्यात गुहाभ्रमण वगळलेलं नाही असा
- नियमित औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी

व्हिसाबद्दल थोडं सविस्तर. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रवास सोपा पडतो. मेक्सिकोसाठी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. बेलीझ आणि ग्वाटेमालाचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतात, त्यामुळे त्या त्या वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा. भारतातून निघणार असाल तर विमान अमेरिकेतून जातं का ते आधी पाहा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आणि ऐन विमानतळावर अडकणारे बहुतेक लोक इथेच अडकतात.

विम्याच्या बारीक अक्षरांत "साहसी प्रकार वगळून" असं एक वाक्य असतं. कंपनीला ईमेल करून गुहेचं नाव घालून विचारा.

पैशांचा एक सापळा बेलीझमध्ये आहे. तिथलं चलनही डॉलरच, आणि दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर असा दर बांधलेला आहे. कुणी नुसतं "डॉलर" म्हटलं की कुठला, ते विचारा. दुप्पट रक्कम देऊन मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. ग्वाटेमालात केत्साल चालतो आणि चिसेकसारख्या ठिकाणी रोखच लागते. सुट्या नोटा फ्लोरेसलाच करून घ्या.

४. वाटाड्या निवडणं

आक्तुन तुनिचिल मुक्नालमध्ये स्वतःहून जाता येत नाही. या गुहेसाठी खास परवाना असलेला वाटाड्याच नेऊ शकतो, आणि एका वाटाड्याबरोबर जास्तीत जास्त आठ जण. सहल कंपन्या या गुहेला थोडक्यात एटीएम म्हणतात, बुकिंगला तेच नाव दिसेल. बुकिंग करताना तीन प्रश्न विचारा : गटात किती जण असतील, पावसामुळे गुहा बंद झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, आणि प्रवेश शुल्क दरात धरलं आहे का. बरोबर मुलं असतील तर वय आणि उंचीची अट आधी विचारा.

बोंबिल पेकला बाहेरून वाटाड्या नेण्याची गरज नाही. चिसेकजवळ रस्त्याच्या कडेला केक्ची माया गावकऱ्यांचं छोटं कार्यालय आहे. तिथेच शुल्क भरायचं आणि गावातलाच माणूस बरोबर येतो. त्याला इंग्रजी येईल अशी अपेक्षा धरू नका. स्पॅनिश हीसुद्धा त्याची दुसरी भाषा असते. फोनवर भाषांतराचं ॲप इंटरनेटशिवाय चालेल असं उतरवून ठेवा.

५. अंगावर काय, पिशवीत काय

- मागून बंद, पाणी निथळणारे बूट. सँडल किंवा फ्लोटर्स नकोत
- जाड मोज्यांचे दोन जोड, एक पूर्ण कोरडा
- पटकन सुकणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट, शिवाय कपड्यांचा आणखी एक पूर्ण संच गाडीत
- चष्म्याला मागून बांधायची दोरी
- एन-९५ मास्क
- डोक्याचा दिवा (हेल्मेट आणि दिवा बहुधा मिळतो, तरी ग्वाटेमालात स्वतःचा असलेला बरा)

अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ हे सगळं मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून जा. अरुंद फटीतून जाताना साखळी अडकते आणि हात टेकला की बांगडी दगडावर घासते. मच्छर आणि उन्हाचं मलम पाण्याच्या गुहेत उतरण्याआधी लावू नका, ते पाण्यात मिसळतं.

मास्क कशासाठी? कोरड्या गुहेत वटवाघळांच्या विष्ठेची धूळ असते. तिच्यात वाढणाऱ्या एका बुरशीने फुप्फुसांचा आजार होतो, त्याला हिस्टोप्लाझ्मोसिस म्हणतात. दमा असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर कोरड्या गुहांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आणि कोरडा खोकला आला तर गुहेत गेला होतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर ते साध्या फ्लूचं औषध देतील. वटवाघूळ चावलं किंवा ओरबाडलं तर त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

शाकाहारींसाठी : काळ्या घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी सगळीकडे मिळते, पण उसळ अनेकदा डुकराच्या चरबीत परततात. "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हटलंत तर मांसाचे तुकडे तेवढे काढून देतील. "सिन मान्तेका" (चरबी नको) हेही सांगा.

६. आक्तुन तुनिचिल मुक्नाल : आत काय होतं

गाडी थांबते तिथून जंगलातून पाऊण तासाची चाल. वाटेत नदी तीन वेळा ओलांडायची, पाणी कमरेपर्यंत किंवा त्याहून वर. गुहेचं तोंड लांबुळकं आहे आणि आतून निळसर हिरवं पाणी बाहेर येतं. पहिली पावलं नव्हेत, पहिले हात मारायचे असतात, कारण तोंडापाशीच खोल डोह आहे. पोहता येत नसेल तर लाजू नका, सकाळीच जीवनरक्षक जाकीट मागा.

पुढे बराच वेळ पाण्यातून चाल. एके जागी दोन कातळ इतके जवळ आले आहेत की पाण्यात उभं राहून मान तिरकी करून त्यांच्यामधून सरकावं लागतं. बंद जागेची भीती असणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. वाटाड्या पुढे उभा राहून खांदा कुठे, हनुवटी कुठे हे सांगतो. त्याचं ऐकलं की दोन श्वासांत पार होतं.

मग एका कातळावर चढून कोरड्या दालनात जायचं. इथे बूट काढायचे आणि कोरडे मोजे घालायचे. अनवाणी चालायला बंदी आहे, कारण तळव्याचं तेल चुनखडीवर बसलं की तिथे नवा थर धरत नाही. बूट चालत नाहीत, कारण जमिनीवर सगळीकडे घडे आहेत, आणि ते काचेमागे नाहीत. काही अर्धे जमिनीत गेलेले, काहींना मुद्दाम भोक पाडलेलं, अनेक इतके चुन्याने सांधले गेलेत की जमीन कुठे संपते आणि मडकं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. नारिंगी फितीच्या आत पाऊल टाकायचं नाही, पिशवी खाली ठेवायची नाही, वाकताना मागे कोण आहे ते बघायचं.

अस्थीही आहेत. इथे आणलेल्या माणसांत लहान मुलंही होती. काळ साधारण इसवी सन ७०० ते ९००. या भागात दुष्काळ पडत होते, शहरं रिकामी होत होती, आणि पाऊस मागायला लोक गुहेत अधिकाधिक आत जात होते असा पुरातत्त्वज्ञांचा कयास आहे. शेवटी शिडीने वर चढून एका छोट्या दालनात पूर्ण सांगाडा दिसतो. हाडांवर चुन्याचे कण बसून ती दिव्याच्या उजेडात चमकतात. तिला "स्फटिककन्या" म्हणतात, पण तो तरुण मुलगा असावा असं बरेच अभ्यासक मानतात. तिथे गट आपोआप गप्प होतो. तुमचा झाला नाही तर तुम्ही व्हा.

कॅमेरा, फोन, हेल्मेटवरचा व्हिडिओ कॅमेरा, काहीही आत नेता येत नाही. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा कवटीवर पडून तिला भोक पडलं, तेव्हापासून ही बंदी आहे. वाटाड्याला "एकच फोटो" म्हणून गळ घालू नका, त्याचा परवाना जातो.

भिंतींवर रंगचित्रं नाहीत हे खरं, पण वाटाड्याला एक गोष्ट आवर्जून दाखवायला सांगा. काही ठिकाणी चुनखडीच्या लोलकांच्या कडा अशा आहेत की दिवा खालून धरून हळूहळू हलवला की मागच्या भिंतीवर माणसाच्या चेहऱ्याची सावली पडते. पलित्याच्या हलत्या ज्योतीत ती कशी दिसली असेल याची कल्पना करा. पाटीच्या दगडाचे उभे कोरलेले तुकडेही एका उंच कट्ट्यावर आहेत, रक्त काढायच्या काट्यांच्या आकाराचे. देवाला स्वतःचं रक्त अर्पण करण्याच्या विधीशी त्यांचा संबंध जोडतात.

७. बोंबिल पेक आणि कांदेलारिया

कार्यालयापासून शेतं आणि झाडीतून चालत गेल्यावर जमिनीला पडलेला एक प्रचंड खड्डा दिसतो. दोराने किंवा पायऱ्या-शिड्यांनी खाली उतरायचं. दोराची सवय नसेल तर शिडीच घ्या. खालचं मोठं दालन बघून माणसाला वाटतं की झालं. चित्रं तिथे नाहीत. ती आहेत शेजारच्या लहान गुहेत, जिच्यात अरुंद भोकातून सरपटत जावं लागतं. आत माकडांची चित्रं. अंग जाड असेल तर वाटाड्याला आधीच विचारा, तो भोक बघून प्रामाणिकपणे सांगतो.

चिसेकच्या उत्तरेला कांदेलारियाच्या नदीगुहा आहेत. तिथे मोठ्या रबरी ट्यूबवर बसून भूमिगत नदीतून जाता येतं. वेळ असेल तर करा, पण दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका.

८. भिंतीवरचं चित्र बघायचं कसं

बहुतेक लोक दिवा सरळ भिंतीवर मारतात, काही दिसत नाही, आणि पुढे जातात. दिवा बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. खडबडीतपणा उठून दिसतो, मग डोळ्याला रंगाचा डाग आणि दगडाचा डाग वेगळे कळायला लागतात. एक-दोन मिनिटं तिथेच थांबा. आधी एखादी रेष सापडते, मग तिला जोडलेली दुसरी.

हातांचे ठसे दोन प्रकारचे. हात रंगात बुडवून उमटवलेला, आणि हात भिंतीला टेकवून भोवती रंग फुंकरलेला, ज्यात हाताच्या जागी कोरा दगड राहतो. दुसऱ्या प्रकारात बोटांची टोकं नीट बघा. लाल रंग बहुधा लोहयुक्त मातीचा, काळा कोळशाचा. युकातानमध्ये अशा एका गुहेत १३७ ठसे मिळाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. बहुतेक लहान मुलांच्या हातांचे, बाराशे वर्षांहून जुने. जागा मात्र गुप्त ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे.

चित्र स्पष्ट दिसावं म्हणून भिंतीवर पाणी मारणं, खडूने रेष गिरवणं, बोटाने धूळ झटकणं, यातलं काहीही करू नका. कुणी वाटाड्या करत असेल तर थांबवा. चित्रापासून हातभर लांब उभे राहा, श्वासाची वाफही नको.

९. ही आजही देवाची जागा आहे

केक्ची लोक डोंगर-दऱ्यांच्या दैवताला, त्सुल्ताकाला, मानतात आणि त्याचा वास गुहेत असतो. पेरणीआधी तिथे मेणबत्त्या लावतात, कोपाल या झाडाच्या डिंकाचा धूप जाळतात. मेक्सिकोच्या चियापास राज्यात चोल माया लोक जोल्खा गुहेत मे महिन्यात, क्रुसाच्या सणाला, पूजा करतात. त्या गुहेत जुनी माया चित्रंही आहेत. त्यामुळे आत मेणाचे ओघळ, काजळी, फुलं दिसली तर तो कचरा समजू नका आणि उचलूही नका. पूजा चालू असेल तर बाहेर थांबा. दुपारपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा, किंवा उद्या या. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि "नाही" ऐकलं की फोन खिशात.

१०. परतल्यावर

जमिनीवरून उचललेली खापरी, कवडी, दगडाचं पातं घरी आणणं तिन्ही देशांत गुन्हा आहे. मेक्सिकोत १९७२ च्या कायद्याने असं सगळं राष्ट्राच्या मालकीचं आहे. बाजारात कुणी "अस्सल जुनं" म्हणून विकत असेल तर घेऊ नका. ते खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर विमानतळावर पोलीस.

गुहेत नवी खरवड, नाव कोरलेलं, तुटलेला घडा दिसला तर वाटाड्याला दाखवा आणि बाहेर आल्यावर व्यवस्थापनाला लिहून कळवा, तारीख आणि दालन सांगून. फोटो टाकताना फोनमधली ठिकाणाची नोंद बंद करा. फाटक आणि पहारा असलेल्या गुहांच्या बाबतीत ती नोंद राहिली तरी फार बिघडत नाही. पण गावकरी विश्वासाने एखाद्या लहान, बिनकुलपाच्या गुहेत घेऊन गेले असतील, तर तिचं नाव, गाव, वाट यातलं काहीही लिहू नका.